दुसरा सज्जनगड

महादेव सुर्वे आणि त्यांची बायको सुनंदा यांच्यावर अन्याय झाला तो १९९७ सालच्या नोव्हेंबरात, दिवाळीनंतरच्या एका बुधवारी, दुपारच्या जेवणाची सुट्टी व्हायच्या जरा आधी. जागा, कुवेतमधल्या शुवैखच्या औद्योगिक भागातलं एका ठेकेदार कंपनीचं ऑफिस. अन्याय करणारा अरब नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आखातातली गोष्ट सुरू झाली की आपली माणसं लगेच माना डोलवायला लागतात, हो हो, ते लोक तसलेच. हा अन्याय शुद्ध मराठीत झाला. ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्या स्वच्छ उच्चारांसकट.

सुर्वे त्या कंपनीच्या एअर कंडिशनिंग वर्कशॉपमध्ये फोरमन होते. मी तिथेच ड्रॉइंग काढायचो आणि सालमिया वस्तीत कंपनीनं दिलेल्या खोलीत त्यांच्या शेजारच्या पलंगावर झोपायचो. ते चिपळूणकडचे. खोलीत कुणाला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. मी ‘नाशिक’, तिसरा पलंग ‘लातूर’. फक्त सुर्वेंना कुणी ‘चिपळूण’ म्हणायचं नाही. त्यांना सगळे ‘उदयपूर’ म्हणायचे, आणि ते ओ द्यायचे.

माणूस अंगानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. कंप्रेसर बिघडला की त्याच्यावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. “आधी आवाज ऐक,” म्हणायचे, “मग हात घाल.” यात ते दर वेळी बरोबर असायचे असं मुळीच नाही. पुष्कळदा चुकायचे आणि मग कंप्रेसरलाच खोटारडा म्हणायचे. माणसांचंही तसंच ऐकायचे, मान तिरकी करून, डोळे मिटून. पण ऐकून झालं की स्वतः दुप्पट बोलायचे, आणि बोलणं कुठूनही सुरू झालं तरी उदयपूरला जाऊन थांबायचं.

कुवेतला यायच्या आधी मुंबईच्या एका फर्मतर्फे ते एक हिवाळा उदयपूरला होते. पिछोला तलावाच्या काठी एका हॉटेलात वातानुकूलन बसवायचं काम होतं. तेवढ्या भांडवलावर हा माणूस वर्षानुवर्षं बोलला. ज्या देशात नदी नाही, तळं नाही, प्यायचं पाणी समुद्रातून काढून गोडं करावं लागतं, तिथे बसून तळ्यांबद्दल बोलणाऱ्याला गिऱ्हाईक कमी पडत नाही. सुट्टीवर जाणारी मराठी कुटुंबं मुद्दाम सल्ल्याला यायची. आधी जगदीश मंदिर, मग गणगौर घाट, मग राजवाडा आणि त्यातला काचेच्या मोरांचा चौक, उन्हं उतरली की फतेहसागर, आणि शेवटी सूर्यास्ताला डोंगरावरचा सज्जनगड. त्या शेवटच्या ठिकाणाबद्दल बोलताना आवाज खाली यायचा. “तिथनं जो सूर्य बुडतो ना,” म्हणायचे, आणि पुढे हातानंच सांगायचे.

पण त्यांचं उदयपूर पर्यटन खात्याचं नव्हतं. सहेलियों की बाडी म्हणून तिथे जुनी बाग आहे. गाइड टाळी वाजवतो आणि कारंजी सुरू होतात, प्रवासी खूश. सुर्वे सांगायचे, “अरे, आड व्हॉल्व्हवर माणूस बसलेला असतो. टाळी गाइडची, व्हॉल्व्ह आपला. बागेत गेलात तर टाळीकडे बघू नका, त्या माणसाला शोधा आणि रामराम घाला.”

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर पुण्याचे देवस्थळी राहायचे, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर. ते सहकुटुंब सुर्वेंच्या सांगण्यानुसार उदयपूर करून आले. वहिनींनी जिन्यातच गाठलं.

“सुर्वे, तुमचं ऐकून आम्ही गणगौर घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांमध्ये उभं राहून राजवाडा पाहिला.”

“कसा दिसला?”

“दिसला छान हो. पण पायाखाली सगळा साबण. हे घसरले.”

“साबणाला तिकीट नव्हतं ना?”

देवस्थळी हसले, वहिनी हसल्या नाहीत. आठवड्याभरानं त्यांनीच मोरचौकाचे फोटो दाखवायला आम्हाला वर बोलावलं आणि घाटावरच्या बायकांचा एक फोटो सुर्वेंना देऊन टाकला.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांची ‘टूर’ निघायची. सालमियाच्या समुद्रकाठानं चालायचं. गावाहून नवीन आलेले प्लंबर, वायरमन, घराच्या आठवणीनं तोंड पाडून बसलेले, त्यांना उठवून बरोबर घ्यायचे. समुद्र म्हणजे पिछोला. मासळी बाजार म्हणजे जगदीश मंदिर, कारण गर्दी तेवढीच. आणि दूर दिसणारे ते पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचे, छत्रीसारखे पाण्याचे टॉवर, तो सज्जनगड. टॉवरांपाशी पोचेपर्यंत ऊन कललेलं असायचं. तिथे सगळ्यांना पश्चिमेकडे तोंड करून बसवायचे आणि वरून सूर्य कसा बुडतो ते सांगायचे. मला ही टूर सुरुवातीला बालिश वाटायची. मी विद्यार्थी संघटनेत पत्रकं लिहून, वाटून आलेलो, मला वाटायचं या माणसांना तळी कसली दाखवता, त्यांना करार वाचायला शिकवा. एकदा तसं बोललोही. सुर्वे म्हणाले, “करार तू शिकव. मी त्यांना संध्याकाळ काढायला शिकवतोय.”

आता सुनंदावहिनी. लग्नाच्या वर्षीच सुर्वेंनी त्यांना शब्द दिला होता की उदयपूर दाखवीन. नंतर प्रत्येक सुट्टी घरच्या कामात गेली. कधी घराचा स्लॅब, कधी बहिणीचं लग्न, कधी वडिलांचं आजारपण. शब्द तसाच राहिला. १९९७ साली पहिल्यांदा असं झालं की गावी कुणाचं काही नव्हतं. सुर्वे गुरुवारी संध्याकाळच्या विमानानं मुंबईला उतरणार, वहिनी परळला बहिणीकडे येऊन थांबणार, आणि दोघं मिळून अहमदाबादपर्यंत गाडीनं, पुढे बसनं उदयपूरला जाणार. तिकिटं काढून ठेवली होती. वहिनींनी प्रवासासाठी कॅनव्हासचे बूट घेतले होते. हे सुर्वेंनी खोलीत एवढ्या वेळा सांगितलं की लातूरनं विचारलं, बूट घालून फोटो पाठवणार आहेत का.

कंपनीत सगळ्या कामगारांचे पासपोर्ट तिजोरीत असायचे. तिजोरीची किल्ली मंदूबकडे, म्हणजे कंपनीची सरकारदरबारची कामं बघणाऱ्या कुवेती माणसाकडे. पण कुणाचा पासपोर्ट बाहेर काढायचा हे सांगायचे ते अ‍ॅडमिन ऑफिसर कारखानीस. पुण्याचे. सज्जन, निर्व्यसनी, टेबलाच्या काचेखाली समर्थांचं चित्र. त्याच सुमारास एक फिटर सुट्टीवर गेला तो परत आलाच नव्हता, दुबईला दुसऱ्या कंपनीत लागला. त्यावरून कारखानिसांना वरून बोलणी बसली होती. म्हणून सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकाला ते समोर बसवून विचारायचे, कुठे जाणार, कशासाठी.

त्या बुधवारी मी ड्रॉइंगवर सही घ्यायला त्याच खोलीत उभा होतो. कारखानिसांनी विचारलं, “सुट्टीत गावीच ना?”

सुर्वे खुशीत होते. “नाही साहेब. यंदा बायकोला घेऊन सज्जनगडावर.”

कारखानिसांचा चेहरा उजळला. वा, म्हणाले, दासनवमीला गेलात तर बघा काय सोहळा असतो ते.

“दासनवमी नाही साहेब, आपल्याला सूर्यास्त बघायचाय. आणि खाली तळ्यात बोटिंग.”

मराठी माणसाला सज्जनगड एकच. साताऱ्याचा. समर्थांच्या समाधीचा. तिथे सूर्यास्त आणि बोटिंग म्हटल्यावर कारखानिसांना वाटलं, हा आपल्या काचेखालच्या चित्राची टिंगल करतोय. त्यांनी थंडपणे विचारलं की गाडीचं तिकीट कुठलं काढलंय. अहमदाबाद, पुढे उदयपूर, सुर्वे म्हणाले. झालं. साताऱ्याला जाणारा माणूस अहमदाबादला कशाला उतरेल? खोटं बोलतोय. अहमदाबादला दुबईच्या नोकऱ्यांचा कुणी एजंट भेटणार असेल. मी मध्ये तोंड घातलं, की राजस्थानातही त्या नावाचा गड आहे. कारखानीस म्हणाले, “तू सहीपुरतं बोल.” सुर्वेंनी समजावलं. पण आयुष्यभर जो माणूस गमतीतच बोलला, त्याचं खरं बोलणंही गमतीसारखंच ऐकू येतं. कारखानीस शेवटी एवढंच म्हणाले, “चौकशी करतो. शनिवारी बघू.”

गुरुवार-शुक्रवार ऑफिस बंद, म्हणून मंदूब दुपारीच कुटुंब घेऊन वाळवंटात तंबू ठोकायला गेला. थंडी सुरू झाली की तिकडे ही रीतच आहे. किल्ली त्याच्या खिशात. गुरुवारी संध्याकाळी विमान गेलं. सुर्वे त्या वेळी भरलेल्या बॅगेवर बसून होते.

लोक मला म्हणतात, अरे गैरसमज झाला, कारखानिसांच्या मनात वाईट नव्हतं. नव्हतंच. शनिवारी कुणा राजस्थानी अकाउंटंटनं सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतः येऊन सुर्वेंचा हात धरला. म्हणाले, मला काय माहीत असा दुसरा सज्जनगड असतो, ही रजा तर आता रद्द झाली, पुढच्या सुट्टीला नक्की जा. मी म्हणतो, त्यांना ठाऊक नव्हतं यात त्यांचा दोष नाही. प्रत्येकाला प्रत्येक गड ठाऊक नसतो. पण एका माणसाच्या भूगोलाच्या अज्ञानावर दुसऱ्या माणसाचा संसार अडकून पडतो, ही व्यवस्था कुणी केली? सुर्वे खरोखर खोटं बोलले असते तरी काय बिघडत होतं? स्वतःच्या सुट्टीत, स्वतःच्या देशात, माणूस सातारा सांगून उदयपूरला गेला तर तो कुणाचा गुन्हेगार?

असो. गुरुवारी विमान गेल्यावर, ते वेळेवर सुटलं का विचारायला, परळहून सुनंदावहिनींचा फोन आला. आमच्या खोलीतला फोन स्पीकरवरच असायचा. कुणाच्याही घरचा आला तरी सगळे नमस्कार करायचे, खुशाली विचारायचे. त्या दिवशी त्याआधीच सुर्वेंनी जे झालं ते सांगितलं.

मग वहिनी म्हणाल्या, “माझं काही कुणाच्या तिजोरीत नाही ना?”

“नाही गो.”

“मग मी जाते.”

एकटी? सुर्वे म्हणाले. चिपळूण आणि परळ यांच्यापलीकडे ही बाई कधी एकटी गेली नव्हती. वहिनी म्हणाल्या, एकटी कशाला, तुम्ही फोनवर आहातच की. आणि फोन ठेवला.

रविवारी संध्याकाळी कामावरून आलो तेव्हा सुर्वे हातपाय न धुता फोनपाशी बसून होते. घंटा वाजली.

“अहो, मी देवळाखालच्या बूथमधून बोलतेय. ते देऊळ उजव्या हाताला नाही हां, डाव्या हाताला आहे.”

“कुठनं येतेस त्यावर असतं ते.”

“आणि पायऱ्या केवढ्या उंच. तुम्ही बोलला नाहीत. माझे गुडघे गेले.”

“बूट घातलेस ना?”

“घातले. एक बाई विचारत होती कुठून घेतले.”

लातूर तोंडात टॉवेल कोंबून हसत होता. वहिनींनी सगळं सांगितलं. मोर बघितले, घाट बघितला. बागेत टाळी वाजल्यावर व्हॉल्व्हवाला शोधला, तो चहा प्यायला गेला होता, त्याचा भाऊ बसला होता, त्याला रामराम घातला. मग म्हणाल्या, आज सज्जनगडावर जाऊन आले.

सुर्वेंनी मान तिरकी केली आणि डोळे मिटले.

“वर काही नाही हो. नुसत्या रिकाम्या खोल्या, खिडक्या आणि वारा. पण बाहेर उभं राहिलं की सगळी तळी एकदम दिसतात. एकाच वेळी. आणि दुसऱ्या बाजूला डोंगरांमागे डोंगर, तिकडे सूर्य गेला. तळी तुम्ही कधी सांगितली नाहीत. तुम्ही सूर्याचंच सांगायचात.”

वहिनींनी ऐकू येतंय का म्हणून दोनदा विचारलं.

मग ते म्हणाले, “सुनंदा, मी वर गेलोच नव्हतो.”

असं होतं तर. त्या हिवाळ्यात मुंबईच्या फर्मनं सुट्टी अशी दिलीच नव्हती. हॉटेलच्या गच्चीवर कंप्रेसरांमध्ये उभं राहून हा माणूस रोज संध्याकाळी त्या डोंगरामागे सूर्य बुडताना बघायचा. बाकी सगळं सुटे भाग आणायला जाता-येता बघून झालं. तेवढा एक गड राहिला. वहिनींना उदयपूर दाखवायचं, त्यात हे एक ठिकाण त्यांचं स्वतःचंही बघायचं होतं. दोघांनी एकदम, पहिल्यांदा.

वहिनी म्हणाल्या, “मग बरं झालं मी नीट बघितलं ते.” बूथवाल्याचं मीटर पळत होतं, त्यांनी फोन ठेवला. लातूरला गप्प बसवेना. तो म्हणाला, “मग इतकी वर्षं शुक्रवारी आम्हाला वर कोण घेऊन जात होतं?” सुर्वे म्हणाले, “फुकट नेत होतो ना? मग.” आणि हातपाय धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

त्यानंतरही शुक्रवारची टूर निघत राहिली. फक्त टॉवरांपाशी आलं की सुर्वे म्हणायचे, “इथून पुढचं आमची मंडळी सांगते,” आणि वहिनींनी सांगितलेलंच सांगायचे, तळ्यांपासून. सूर्य सगळ्यात शेवटी यायचा.

एक मात्र बदललं. महिन्याच्या सुरुवातीला ते कारखानिसांसमोर जाऊन उभे राहायचे आणि पासपोर्ट मागायचे. कुठे जायचंय? कुठेच नाही. मग कशाला हवा? उशाशी ठेवायला. पहिल्यांदा कारखानीस हसले. नंतर चिडले. मग समजावू लागले, की सुर्वे, तो इथे सुरक्षित आहे, खोलीत चोरीला गेला तर? सुर्वेंचं उत्तर आख्ख्या वर्कशॉपला पाठ झालं होतं. “तुमच्याकडच्या वहिनींचं मंगळसूत्र आणून ठेवा ना साहेब तिजोरीत. गळ्यात असलं तर चोरीला जाईल.”

मी त्यांना सांगितलं की दूतावासात अर्ज करू, मी लिहितो, सगळ्यांच्या सह्या घेऊ. त्यांनी पहिली सही केली. फारशा दुसऱ्या मिळाल्या नाहीत. भिणाऱ्यांना मी तेव्हा शिव्या घातल्या. सुर्वेंनी घातल्या नाहीत. म्हणाले, ज्यांची पोरं लहान आहेत त्यांना सोड.

सुट्टीवर ते नंतर दोनदा गेले, वडिलांच्या पिंडदानाला आणि मुलीच्या लग्नाला. दोन्ही वेळा पासपोर्ट मिळाला, परतल्यावर विमानतळावरच मंदूबच्या माणसानं काढून घेतला. उदयपूरचं नाव त्यांनी काढलं नाही. वहिनींनी एकदा फोनवर विचारलं तेव्हा म्हणाले, “उसन्या कागदावर जायचं नाही मला तिथे.” हट्टी म्हणा. मी तरी म्हणणार नाही.

२००४ साली त्यांनी राजीनामा दिला. वय होतं अजून, काम होतं, कंपनी सोडायला तयार नव्हती. कारखानीस तोवर निवृत्त होऊन पुण्याला गेले होते, त्यांच्या जागी आलेला माणूस केरळचा, त्यानं कारण विचारलं. सुर्वे म्हणाले, “आयडेंटिटी.” इंग्रजीत. हा शब्द त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतला होता. व्हिसा कॅन्सल करून जाणाऱ्याला पासपोर्ट कायमचा द्यावाच लागतो. दुसरा मार्गच उरला नव्हता.

त्या दिवसांत बातमी आली होती की पावसाअभावी पिछोला आटलाय, मुलं तळात क्रिकेट खेळतायत. मी ती त्यांना सांगितली नाही. लातूरनं सांगितली. सुर्वे म्हणाले, “मग चालत जाऊ मधनं. तेवढंच बोटीचं वाचलं.”

विमानतळावर मी पोचवायला गेलो. मंदूबचा माणूस पाकीट घेऊन आला तो अगदी शेवटच्या क्षणी, काउंटरपाशी. सुर्वेंनी पासपोर्ट उघडला, आतला फोटो बघितला, मला दाखवला. काळेभोर केस, पातळ मान. मग ते काचेपलीकडे रांगेत गेले. त्यांचा नंबर आला, पोलिसानं शिक्क्यासाठी हात पुढे केला, आणि सुर्वेंच्या हातून पासपोर्ट सुटेना. पोलिसानं ओढला. यांनी धरून ठेवला. मागची रांग बघायला लागली. पोलीस काहीतरी बोलला, रागानं नाही, आणि स्वतःचा हात काढून घेऊन थांबला. मग सुर्वेंनी आपणहून दिला. शिक्का बसेपर्यंत त्यांची नजर त्या माणसाच्या बोटांवरून हलली नाही. परत मिळाल्यावर शर्टाच्या खिशात घातला, बटण लावलं, वर तळवा ठेवला, आणि तसेच चालत आत गेले. हात अडकलेला होता, त्यामुळे वळून हलवला नाही.

आता तुम्ही. कुवेतमध्ये बसून हे वाचणारे पुष्कळजण सुपरवायझर आहात, अ‍ॅडमिनमध्ये आहात, इंजिनियर आहात. तुमच्या ऑफिसातल्या तिजोरीबद्दल तुम्ही म्हणाल की तो कंपनीचा नियम, आमच्या हातात काय आहे. ठीक आहे, त्यावर भांडू नंतर. पण तुमच्या सालमियातल्या फ्लॅटात स्वयंपाकाला बाई आहे. तिचा पासपोर्ट तुमच्या बेडरूमच्या कपाटात आहे, दागिन्यांच्या डब्याशेजारी, आणि तो ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. उठा. कपाट उघडा. तो तिच्या हातात द्या, आज, ती घरी जायच्या आत. आणि देताना ती कुठे जाणार आहे, हे विचारू नका.